डुक्कर मातलं नव्हतं

शिकारीची गोष्ट सांगणारा माणूस भेटला की मी त्याला एकच प्रश्न विचारतो. गोळी कोणती होती? रायफल कोणती होती, हे तो न विचारताच सांगतो. आजोबांनी ती कोणाकडून घेतली, मचाण किती हात उंच होतं, चांदणं कसं पडलं होतं, हेही सांगतो. पण गोळी मऊ टोकाची होती की कडक, कारतूस कुठलं होतं, त्यात दारू कोणी आणि किती भरली होती, असं विचारलं की गोष्ट अडते. मग तो हसून म्हणतो, “अबे, गोळी म्हणजे गोळी!”

सक्करदऱ्यात राहायला येऊन मला चाळीसेक वर्षं झाली. बुधवार बाजाराच्या बाजूला चहा पिता पिता अशा गोष्टी मी पुष्कळ ऐकल्या. उमरेड रोडच्या दोन्ही अंगांच्या गावांतून नागपुरात आलेली माझ्या वयाची माणसं इथे भेटतात. त्यांच्या घरात कधीकाळी बंदूक होती, आणि बंदूक गेली तरी गोष्ट राहिली. गोष्टीतलं जनावर एका गोळीत पडतं. जे पडत नाही, ते “मातलेलं” असतं. या “मातलेलं” शब्दावरच माझा राग आहे. त्या शब्दाखाली आमच्या घराने एक माणूस पुरलेला आहे, आणि ज्या डब्यातून त्याचं मरण गावात आलं तो डबा मी माझ्या हाताने नेला होता.

माझं गाव उमरेडच्या पुढे, भिवापूरच्या अंगाला. मिरची, ज्वारी, तूर आणि खालच्या बांध्यांत धान. आमचे काकाजी म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. मालगुजारी गेली होती, पण काकाजींच्या बोलण्यातून ती गेली नव्हती. त्यांच्याकडे .३७५ मॅग्नम रायफल होती. हॉलंड अँड हॉलंड या विलायतेतल्या बंदूकवाल्यांनी १९१२ साली या मापाचं कारतूस काढलं. फार मोठं नाही, फार लहान नाही, मधल्या मापाचं. सांबरालाही चालेल आणि रानगव्यालाही चालेल असं. त्यामुळे आपल्या मध्य प्रांतात या मापाचा मोठा लौकिक होता.

मधल्या मापाच्या रायफली आपल्याकडे आल्या त्यामागे एक इतिहास आहे, आणि तो सांगितल्याशिवाय माझं म्हणणं पुरं होत नाही. इंग्रज सरकारला भीती होती ती फौजेची कारतुसं चोरीला जाण्याची. म्हणून फौजेच्या मापाच्या बंदुका खासगी माणसाला बंद केल्या. .३०३ बंद. १९०७ साली .४५० मापावरही बंदी आली. मग बंदूकवाल्यांनी अशी मापं काढली की फौजेची गोळी त्यात बसूच नये. आपल्या इच्छापूरच्या सरकारी कारखान्यात बनलेली .३१५ ची रायफल गावोगाव पोचली तीही याच हिशेबाने. म्हणजे या देशात कोणत्या मापाची गोळी कोणाच्या हाती द्यायची याचा विचार झाला, शंभर वर्षं झाला, बारकाईने झाला. पण ती गोळी माणसाला लागेल का, एवढ्याच धाकाने झाला. जनावराला ती कशी लागेल, किती वेळात मारील, हे ना इंग्रजाने विचारलं ना आपण.

काकाजींकडे विलायती किनॉकच्या कारतुसांचा एक लाल-पिवळा डबा होता. परदेशी माल येणं कमी झालं, मग जवळजवळ बंद झालं. डब्यात पाच उरली, मग दोन, मग नुसती रिकामी पितळी खोळं. काकाजींनी ती फेकली नाहीत. कापडाच्या पिशवीत बांधून देवघराच्या कोनाड्यात ठेवली. १९६९ चं साल होतं. मी चौदा वर्षांचा, शिकायला नागपुरात. दर शनिवारी उमरेड रोडच्या एस.टी.ने गावाला जायचो.

तेव्हा सक्करदरा म्हणजे नागपूरची वेस. भोसल्यांचा वाडा, तलाव, त्यापलीकडे वावरं. ताजुद्दीन बाबांच्या नावाने येणाऱ्या भाविकांची वर्दळ सोडली तर संध्याकाळी सामसूम. रस्त्याच्या कडेला एका मिस्त्रीचा टिनाचा ठेला होता. त्याच्याकडे लहानसं लेथ होतं. पंपाचे वॉशर, स्टोव्हचे पिन, सायकलचे कोन, सगळं तो करायचा. बंदुकीचे घोडेही दुरुस्त करायचा आणि कारतुसंही भरून द्यायचा. परवान्याशिवाय कारतूस बनवणं हा १९५९ च्या शस्त्र कायद्याने तेव्हाही गुन्हा होता आणि आजही आहे. पण काकाजी म्हणाले, “मिस्त्रीले सांग, आठ पायजेत. पैशाची चिंता करू नको म्हणा.” मी पिशवी नेऊन दिली. पंधरा दिवसांनी मिस्त्रीने जेवणाच्या डब्यात आठ कारतुसं घालून दिली. वरच्या पुड्यात पोळ्या होत्या.

आता त्या आठ कारतुसांत काय होतं ते सांगतो. त्या वेळी मला कळत नव्हतं. पुढे पुस्तकं वाचून आणि जाणत्यांना विचारून कळलं, आणि कळलं तेव्हा झोप गेली.

कारतुसात चार गोष्टी असतात. पितळेची खोळ, बुडाची टोपी, दारू आणि गोळी. किनॉकच्या खोळीत मुळात कॉर्डाइट नावाची बिनधुराची दारू होती. शेवयांसारख्या लांब काड्यांची. त्या काड्या कारखान्यात खोळीची मान आवळण्याआधीच आत बसवत. एकदा मान आवळली की तिथून तशा काड्या पुन्हा घालणं घरगुती माणसाचं काम नाही. बुडाची टोपीही विलायती पद्धतीची. सुई घालून मागून ढकलली की निघेल अशी नव्हे, आकड्याने उपसावी लागणारी. म्हणजे मिस्त्रीने जे केलं ते पहिल्या पायरीपासून जबरदस्तीचं होतं.

दारूचं तर विचारूच नका. दारू म्हणजे दारू, असं आपल्याकडे समजतात. शेतकऱ्याने तरी असं समजू नये. चुलीत पऱ्हाटी घातली तर भडका होतो आणि चहा उकळायच्या आत राख होते. बाभळीचं खोड घातलं तर ते रात्रभर जळतं. बारा बोअरच्या बंदुकीची दारू पऱ्हाटीसारखी असते. पातळ चकत्या, भर्रकन जळणाऱ्या. कारण तिला सैल छर्रे मोकळ्या नळीतून ढकलायचे असतात. मधल्या मापाच्या रायफलची दारू बाभळीसारखी हवी. गोळी नळीत पुढे सरकत असताना मागून तिचा रेटा चालूच राहिला पाहिजे. पऱ्हाटीची दारू रायफलच्या खोळीत भरपूर घातली तर नळी फाटेल, भरणाऱ्याचं नाही तर उडवणाऱ्याचं तोंड जाईल. एवढं त्या मिस्त्रीला ठाऊक होतं. म्हणून त्याने बारा बोअरच्या कारतुसातली दारू काढून ती थोडी थोडी घातली. अंदाजाने! नळी फाटू नये एवढीच त्याची काळजी. जनावर मरेल की नाही, हा त्याच्या हिशेबातच नव्हता.

आणि गोळी? गोळीसाठी त्याने पितळेची कांब घेतली आणि लेथवर खरादली. दिसायला देखणी. सोन्यासारखी चकचकीत, टोक गोलसर. काकाजींनी ती उजेडात धरून पाहिली आणि म्हणाले, “काय हात आहे लेकाचा!”

खऱ्या शिकारी गोळीचं टोक मऊ शिशाचं असतं. बाजूने तांब्याची पातळ चादर, टोकाशी शिसं उघडं. जनावरात शिरली की टोक उमलतं, छत्रीसारखं पसरतं, आणि आतल्या आत असा घाव करतं की जनावर काही पावलांत खाली येतं. कडक गोळी उमलत नाही. ती रानगव्यासारख्या जाड हाडाच्या जनावरासाठी, आत खोल जावी म्हणून. .३७५ मध्ये २७० ग्रेनची मऊ गोळी हरणा-सांबराला आणि ३०० ग्रेनची कडक गोळी मोठ्या जनावराला, अशी जुन्या शिकाऱ्यांची वाटणी होती. ३०० ग्रेन म्हणजे साडेएकोणीस ग्रॅमच्या आसपास. ती सेकंदाला अडीच हजार फुटांनी सुटायला हवी. वेग निम्मा झाला तर मार निम्मा होत नाही, चौथाई होतो. आणि वेग कमी झाला की मऊ टोकही धड उमलत नाही, मग पितळेच्या कांबीची काय कथा.

या उमलणाऱ्या गोळीबद्दल एक उलटी गोष्ट आहे. ती माणसांसाठीही बनली. कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात इंग्रजांनी १८९० च्या दशकात ती फौजेसाठी काढली. दमदम गोळी हे नाव तिथलंच. ती फार क्रूर म्हणून १८९९ साली हेगला राष्ट्रांनी ठराव करून युद्धात बंद केली. माणसाला जखमी करून लढाईतून बाद केलं तरी पुरतं, त्याला उचलून दवाखान्यात नेणारे असतात, हा त्यामागचा विचार. रानात दवाखाना नाही. जखमी डुकराला कोणी खाटेवर घालत नाही. म्हणून युद्धात जी गोळी पाप, तीच शिकारीत दया, आणि युद्धातली सभ्य कडक गोळी शिकारीत महापाप. हे ज्याला कळत नाही त्याने रायफलीला हात लावू नये. कळूनही जो लावतो त्याला मी शिकारी म्हणत नाही, खाटीकही म्हणत नाही. खाटकाची सुरी धारदार असते.

काकाजींनी एक कारतूस करून पाहिलं. वीस पावलांवर मडकं ठेवलं, गोळी झाडली, मडकं फुटलं. सगळ्यांनी वाहवा केली. मडकं गोफणीच्या दगडानेही फुटतं! जी माणसं रीतसर कारतूस भरतात, अमेरिकेत वगैरे जिथे ते कायद्याने चालतं, ती दारू बनवणाऱ्यांनी छापलेले तक्ते समोर ठेवतात. कोणत्या गोळीमागे कोणती दारू, कुठून सुरुवात आणि कुठे थांबायचं. अनोळखी दारूला हात लावत नाहीत. प्रत्येक भरणी तोलतात. सोनाराची गुंज जवळजवळ दोन ग्रेनची असते, आणि हे लोक ग्रेनच्या दहाव्या भागाचा हिशेब ठेवतात. एक गोष्ट बदलली की पुन्हा कागदावर नेम धरून पाहतात. इतवारीच्या सराफा ओळीत असा काटा तेव्हाही मिळत होता. सोनं तोलायला. मिस्त्रीने चिमटीने भरलं आणि आम्ही मडक्याने तपासलं.

दारूचा आणखी एक स्वभाव आहे, तो नागपूरकराने तरी विसरू नये. ती तापते. कॉर्डाइट तापलं की नळीतला दाब वाढतो. म्हणून विलायतेतल्या कारखान्यांनी उष्ण देशांसाठी थोडी कमी भरलेली वेगळी कारतुसं काढली होती. हजारो मैलांवर थंडीत बसलेल्या माणसाने आपल्या वैशाखाचा विचार केला होता. वैशाखात पारा पंचेचाळिशी ओलांडतो त्या गावात बसलेल्या मिस्त्रीने दारूचा डबा टिनाखाली, खिळ्यांच्या डब्याशेजारी ठेवला होता.

मार्गशीर्षातली रात्र. ज्वारी हुरड्यावर आलेली. डुकरांनी चार रात्रींत एक तुकडा सपाट केला होता. या नुकसानीचा राग मी कमी लेखत नाही. सकाळी धुऱ्यावर उभं राहून आडवं पडलेलं पीक पाहिलं आहे त्यालाच तो कळेल. काकाजी, मी आणि आमचा सालदार, तिघं जागलीला होतो. सालदार आमच्याकडे अकरा वर्षांपासून. मला खांद्यावर बसवून त्यानेच नाला ओलांडवला होता. मध्यरात्रीनंतर कळप आला. सालदाराने बॅटरी मारली. चाळीस पावलांवर मोठा नर. काकाजींनी खांद्यामागे धरून चाप ओढला.

आवाज बसका आला. एरवी रायफलीचा आवाज टेकडीवर आपटून परत यायचा, त्या रात्री तो वावरातच पडला. डुक्कर किंचाळलं, गिरकी घेतली आणि नाल्याकडच्या रायमुनियात घुसलं. काकाजी म्हणाले, “लागली. पडलं असन सकाळपर्यंत.”

सकाळी रगत सापडलं. थोडं, काळपट, त्यात हिरवट चोथा. पोटात लागली होती. गोळीला वेग नव्हता, ती खाली गेली होती. जाणता शिकारी असता तर त्याने चोथा पाहून सांगितलं असतं की हे जनावर जिवंत आहे, दुखतंय आणि वाट पाहतंय. मग तो चार-सहा तास थांबला असता, आणि भरवशाचं कारतूस घेऊन स्वतः पुढे झाला असता. काकाजींनी सालदाराला सांगितलं, “जाय, पाहून ये.” तो कुऱ्हाड आणि कुत्रं घेऊन गेला. आम्ही धुऱ्यावर उभे होतो. मी कुत्र्याचं केकाटणं ऐकलं. मग माणसाचं.

मांडी आतून फाटली होती. काकाजींचं धोतर फाडून बांधलं, ते भिजलं, दुसरं बांधलं. बंडीत तनस टाकून त्याला निजवलं आणि उमरेडकडे हाणली. अर्ध्या वाटेत तो म्हणाला, “लहान मालक, थंडी वाजून राह्यली.” मी माझा कोट त्याच्यावर घातला. उमरेड दिसायच्या आधी तो गेला.

डुक्कर दुसऱ्या दिवशी नाल्यात मेलेलं सापडलं. गोळी दुसऱ्या बाजूच्या कातड्याखाली अडकली होती. काढून धुतली तर लेथवरून उतरली तशीच. कुठे दबली नाही, कुठे उमलली नाही. एवढ्या मोठ्या जनावरात बोटाएवढं एक सरळ भोक पाडून ती तिथे थांबली होती. त्या भोकाने त्याला दीड दिवस मारलं आणि तेवढ्यात त्याने आमचा माणूस नेला.

गावात सांगितलं गेलं, डुक्कर मातलं होतं. काकाजींनी सालदाराच्या बायकोला एक बैल दिला, दोन खंडी ज्वारी दिली आणि हेच सांगितलं. तिने ऐकून घेतलं. तिच्याजवळ दुसरं काय होतं? मी तिथेच उभा होतो. डब्याचं, पोळ्यांचं, मिस्त्रीचं, कशाचंच काही बोललो नाही. डुक्कर मातलं नव्हतं, डुक्कर दुखत होतं. मातलो होतो आम्ही.

यावर मला पन्नास वर्षांत तीन उत्तरं मिळाली आहेत.

पहिलं उत्तर जुन्या शिकाऱ्यांचं. “ते दिवसच तसे होते.” नव्हते तसे. त्याच दिवसांत, त्याच मध्य प्रांतात, असे शिकारी होते ज्यांना जखमी जनावर सोडून जेवण गोड लागत नसे. दोन दोन दिवस माग काढत. कारतूस संशयाचं असेल तर रायफल खाली ठेवत. दारू आणि गोळी निवडणं हे त्यांच्या लेखी शिकारीआधीचं काम नव्हतं, तीच निम्मी शिकार होती. आपण त्यांची रायफल आणि मिशी उचलली, आणि सचोटी तिथेच ठेवली. दिवसांवर ढकलू नका.

दुसरं उत्तर शेतकऱ्याचं, आणि ते मला टोचतं, कारण तो माझाच भाऊबंद आहे. “तुम्ही सक्करदऱ्यात बसून ज्ञान सांगता जी. आमचं वावर खाऊन राह्यले, आम्ही काय आरती ओवाळावी?” नाही. डुक्कर मारू नये असं मी म्हणतच नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या ११ व्या कलमातच उभ्या पिकाचं नुकसान करणाऱ्या जनावराला मारायची परवानगी देण्याची सोय आहे. आपल्या राज्याने रोही आणि रानडुक्कर यांच्यासाठी पारधीचा परवाना काढला आहे. माझा प्रश्न पुढचा आहे. परवाना हातात आल्यावर शेतकऱ्याने मारायचं कशाने? शस्त्र कायद्याचं १३ वं कलम पीकसंरक्षणासाठी त्याला ठासणीची बंदूक देऊ करतं, आपली भरमार. ती पुरणार नाही अशी अधिकाऱ्याची खात्री झाली तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक. म्हणजे अंधारात, जाड कातड्याच्या, चपळ डुकरावर भरमार! तिच्यात काय ठासतात ते मी पाहिलं आहे. सायकलच्या छऱ्यांपासून सळईच्या तुकड्यांपर्यंत. माझ्या मिस्त्रीची पितळी गोळी तिच्यापुढे विलायती वाटेल.

आणि ज्याच्याकडे भरमारही नाही, तो काय करतो हे सगळ्यांना ठाऊक आहे, फक्त बोलायचं नाही. तो कुंपणाच्या तारेत करंट सोडतो. कणकेच्या गोळ्यात बारूद घालून डुकराच्या वाटेवर ठेवतो. तारेला डुक्कर लागतं, तसा वाघ लागतो, शेजाऱ्याचा बैल लागतो, पहाटे पाणी द्यायला निघालेला शेजारीही लागतो. बारुदाच्या गोळ्याने डुकराचा जबडा उडतो आणि ते उपाशी मरायला आठ दिवस घेतं. कोणत्या दारूने, कोणत्या गोळीने, किती वेळात, हा प्रश्न ज्या समाजाने कधी विचारला नाही, त्याने शेवटी गोळीच काढून टाकली आणि नुसती दारू राहू दिली.

तिसरं उत्तर शहरातल्या प्राणिप्रेमी मंडळींचं. “मारूच नका.” २०१६ साली दिल्लीत दोन केंद्रीय मंत्र्यांचं याच प्रश्नावरून जाहीर वाजलं. प्रकाश जावडेकर मारण्याच्या परवानगीच्या बाजूने, मनेका गांधी विरोधात. पेपरात रकानेच्या रकाने आले. त्या सगळ्या भांडणात मारायचं की नाही एवढंच होतं. कसं मारायचं, हे कोणाच्याच तोंडी ऐकलं नाही. मारूच नका म्हणणाऱ्याला मी विचारतो, तुमच्या नकाराने डुक्कर वाचलं का? ते तारेवर मेलं. तुमच्या डोळ्यांआड मेलं एवढाच फरक. दया ही डोळे मिटून करायची गोष्ट नाही.

मला सगळ्यात जास्त चीड येते ती या गोष्टीची की यासाठी लागणारं सगळं आपल्या दारात आहे. देशाच्या स्फोटकांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय खात्याचं मुख्यालय नागपुरात आहे. भंडाऱ्याजवळ जवाहरनगरला सरकारी कारखान्यात तोफा-बंदुकांची दारू बनते. खडकीचा कारतुसांचा कारखाना १८६९ पासून चालू आहे. वरणगावलाही कारतुसं बनतात. .३१५ चं २४४ ग्रेनच्या मऊ गोळीचं कारतूस याच देशातल्या सरकारी कारखान्यांतून निघतं. तोललेलं, तपासलेलं. आणि या सगळ्यांच्या मध्यावर, उमरेड रोडच्या गावात, माणूस तारेला आकडा टाकून बसला आहे.

माझी मागणी साधी आहे. पारधीचा परवाना शेतकऱ्याच्या हातात कोंबून सरकारने हात झटकू नयेत. ज्याने परवाना दिला त्यानेच मारणारा माणूस द्यावा. नेमबाजीत तयार झालेला, पगारी, वनखात्याच्या हुकमातला. त्याच्या हातात कारखान्याचं कारतूस असावं, त्या जनावराला योग्य गोळीचं, आणि एकेका कारतुसाचा हिशेब वहीत असावा. गोळी लागून जनावर पळालं तर त्याचा माग काढणं त्याच्यावर बंधनकारक असावं, आणि ते सापडेपर्यंत गावात दवंडी असावी की त्या रानात कोणी जाऊ नये. सालदाराला “जाय, पाहून ये” म्हणायची मुभा कोणालाच नसावी. घरी, ठेल्यावर, टिनाखाली कारतूस भरणाऱ्याला मात्र दयामाया नको. तो गरीब असला तरी नको. माझा मिस्त्री गरीबच होता.

आणि गोष्टी सांगणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे. सांगा, पण पुरी सांगा. किती जनावरं एका गोळीत पडली ते सांगता, तसं किती पळाली तेही सांगा. मरायला त्यांना किती दिवस लागले तेही.

ती पितळी गोळी माझ्याकडे आहे, टेबलाच्या खणात. एकदा एका शिकारी घराण्यातल्या गृहस्थांनी ती हातात घेतली, उजेडात धरली आणि म्हणाले, “वा, काय काम आहे! कोणी केली हो?” मी म्हणालो, इथेच, सक्करदऱ्यात झाली. मग तिने काय केलं तेही सांगितलं. त्यांनी गोळी टेबलावर ठेवली आणि थोड्या वेळाने म्हणाले, “डुक्कर मातलेलं असन.”

सालदाराचा नातू आता गावात आमच्याच जुन्या वावराच्या बाजूला बटईने शेती करतो. मागच्या हिवाळ्यात त्याचा फोन आला. हरभऱ्यात डुकरं शिरली होती. म्हणाला, “काकाजी, तार लावू का जी?” आता काकाजी मी आहे. नको म्हणालो. तो म्हणाला, “मग काय लावू?” त्याला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं. हा लेख ज्यांच्याकडे ते असायला हवं त्यांच्यासाठी आहे.